लेझरनंतरची लाली आणि काळपट डाग: कुठल्या ट्यूबला पैसे मोजावेत, कुठली केमिस्टकडेच राहू द्यावी

लेझर केलेल्या चेहऱ्यासाठी मेडिकलमध्ये आणि क्लिनिकच्या काउंटरवर जे जे विकलं जातं, त्याचा हा आढावा. आपल्याकडे सर्रास होणारे दोन प्रकार समोर ठेवले आहेत: मुरुमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू (बारीक ठिपक्यांत कातडी भाजणारं कार्बन डायऑक्साइड लेझर) आणि नको असलेल्या केसांसाठी डायोड लेझर. दोन्हींनंतर लाली रेंगाळते, काही आठवड्यांनी त्याच जागी काळपट डाग उमटतात, आणि मग माणूस दिसेल ती ट्यूब घेत सुटतो.

आमची पसंती आधीच सांगतो. पहिला नंबर रंगीत सनस्क्रीनचा, दुसरा अझेलेइक ॲसिडचा. तीन औषधं एकत्र असलेली गोरेपणाची म्हणून खपणारी क्रीम नीट वापरली तर कामाची, बेतालपणे वापरली तर या यादीतली सगळ्यात घातक. आणि डाग घालवायला लगेच दुसऱ्या लेझरचं पॅकेज घेणं हा सगळ्यात वाया जाणारा खर्च.

पण ट्यूब घ्यायच्या आधी एक काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

काच दाबून बघा

गोऱ्या कातडीवरची लाली लाल दिसते. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर तीच लाली तांबूस, जांभळट, कधी चक्क तपकिरी दिसते. त्यामुळे आपल्याकडे कित्येक जण लालीला डाग समजतात आणि तिच्यावर डाग घालवायची जळजळीत क्रीम चोळतात. त्या क्रीमने लाली आणखी भडकते, आणि भडकलेल्या लालीतून मग खराखुरा डाग तयार होतो.

फरक ओळखायला पारदर्शक काच पुरते. सपाट बुडाचा स्वच्छ काचेचा ग्लास दिवसाच्या उजेडात डागावर टेकवा, हलकेच दाबा आणि काचेतून बघा. रंग उडून कातडी फिकी झाली आणि काच उचलल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत भरला, तर तो रक्तवाहिन्यांचा रंग, म्हणजे लाली. दाबूनही रंग जागचा हलला नाही तर ते मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य. अर्धवट फिकं झालं तर दोन्ही आहेत, आणि लेझरनंतरच्या दुसऱ्या महिन्यात बहुतेक चेहऱ्यांवर दोन्हीच असतात. खपल्या पडून गेल्यावरच हे करायचं, ओल्या जखमेवर नाही.

मेलॅनिन ठरलं की त्याची छटा बघा. चहासारखा तपकिरी असेल तर रंग वरच्या थरात आहे, क्रीमला दाद देतो. राखाडी किंवा निळसर झाक असेल तर दाहात तळाचा थर फुटून रंग खाली सांडला आहे आणि तिथल्या पेशींनी तो गिळून ठेवला आहे. तिथे क्रीम फारशी पोहोचत नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त वाट बघावी लागते. त्वचातज्ज्ञ वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात हेच तपासतात. वरचा रंग त्यात गडद उठून दिसतो, खालचा तसा उठत नाही. सावळ्या कातडीवर मात्र हा दिवा नेहमी स्पष्ट उत्तर देत नाही.

चौथा रंग पांढरा. त्याचं गणित वेगळं आहे, पुढे येईल.

लाली किती दिवस चालावी

कातडी न सोलणाऱ्या फ्रॅक्शनल लेझरनंतर तीन-चार दिवस. फ्रॅक्शनल सीओटूनंतर दोन-तीन दिवस सूज, पाच ते सात दिवसांत कॉफीच्या भुकटीसारख्या बारीक खपल्या गळतात, खालची कातडी गुलाबी निघते आणि हा गुलाबीपणा फिका होत काही आठवडे टिकतो. महिन्यानंतरही ठळक असेल तर दाखवायला हवा. संपूर्ण थर काढणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सीओटूनंतर तीन-चार महिने लाली राहू शकते. केस काढल्यावर केसाच्या मुळाभोवती उठणारे तांबडे पुटकुळे एक-दोन दिवसांत बसायला हवेत.

लांबलेल्या लालीची कारणं मोजकी आहेत. एकाच जागी पुन्हा पुन्हा फायर केलेलं असतं किंवा ठिपक्यांची दाटी जास्त ठेवलेली असते. नाहीतर रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीची, कातडी सोलणारी औषधं) लवकर सुरू केलेलं असतं. एखाद्या मलमाची ॲलर्जी असते, तेव्हा लालीसोबत खाज ठरलेली. यीस्टची बुरशी लागली असेल तर लालीच्या कडेने बारीक पांढरट पुळ्या दिसतात. आणि काहींना मुळातच रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा विकार असतो, जो लेझरच्या आधी कुणी हेरलेला नसतो.

एक लाली मात्र थांबून बघायची नाही: जबड्याच्या कडेला, मानेवर किंवा छातीवर एकाच जागी गडद राहिलेली, बोटाला टणक लागणारी, दुखणारी. तिथे वण तयार होतोय. मानेच्या कातडीत केसांची मुळं आणि तेलग्रंथी कमी, आणि भरून येणारी नवी कातडी त्यांच्यातूनच येते. म्हणून चेहऱ्याला मानवलेली सेटिंग मानेला झेपत नाही. तसंच ओठांभोवती फोडांचा पुंजका उठला, तिसऱ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ओठांवर पूर्वी असे फोड उठत असतील तर हे लेझरच्या आधीच सांगायला हवं, म्हणजे विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून चालू करता येतात.

पहिल्या आठवड्यातली मलमं

इथे सर्वात स्वस्त वस्तूच जिंकते. साधी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. व्हॅसलिनची निळ्या झाकणाची मूळ डबी चालते. कोको बटर, कोरफड, गुलाब असल्या वासांच्या आवृत्त्या नकोत. दिवसातून चार-पाच वेळा पातळ थर, इतकाच की कातडी कोरडी पडून खपली कडक होऊ नये. घाम येणाऱ्या हवेत, म्हणजे मुंबई-कोकणात, जाड थर दिला की घामोळ्यासारख्या पुळ्या येतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थर निम्मा करावा. डबीत बोटं घालण्यापेक्षा ट्यूब बरी.

ला रोश-पोझेचं सिकाप्लास्ट बाम बी५ त्याहून पुष्कळ महाग. पाच टक्के पँथेनॉल, मॅडेकॅसोसाइड आणि शिया बटर असा मालमसाला. जेलीसारखं चकाकत नाही, ऑफिसला जाताना लावता येतं, आणि कोरड्या कातडीच्या माणसाला आठवड्यानंतरही उपयोगी पडतं. मात्र लाली त्याने जेलीपेक्षा लवकर जाते अशा अपेक्षेने घेऊ नका. परवडत असेल तर सोयीसाठी घ्या. ॲव्हेनच्या थर्मल वॉटर स्प्रेने गार वाटतं, आग कमी होते. उकळून गार केलेलं पाणी स्वच्छ गॉजवर घेऊन दहा मिनिटं ठेवलं तरी तेच होतं.

आता घराघरांतलं सोफ्रामायसिन. त्यात फ्रॅमायसेटिन आहे, निओस्पोरिनमध्ये निओमायसिन. ही दोन जवळची भावंडं, आणि दोन्ही ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध. उघड्या, सोललेल्या कातडीवर लावल्यावर चार-पाच दिवसांनी खाज सुटते, लाली पसरते, घरचे म्हणतात ‘इन्फेक्शन झालं’, आणि तेच मलम आणखी जाड लावतात. संसर्ग नसताना अँटिबायोटिक मलमाची गरज नसते. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर लावा, कपाटातून आपणहून काढू नका.

हळद, लिंबू, बेसन, कोरफडीचा ताजा गर यांना पूर्ण विश्रांती. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हात कातडी भाजून स्वतःचाच वेगळा तपकिरी ओघळ उमटवतात. लग्नाआधी लेझर करणाऱ्यांनी हळदीचा दिवस मोजणीत धरावा. नुकत्याच भरलेल्या गालावर दहा जणांनी हळद चोळणं म्हणजे घासणं आणि ॲलर्जी एकदमच. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर शेवटचं सीओटू सेशन जून-जुलैमध्ये उरकलेलं बरं. किमान तीन महिने मध्ये हवेतच.

बर्फ थेट टेकवू नये. भाजल्यासारखं वाटलं तर गार पाण्याच्या घड्या, दहा-वीस मिनिटं.

सनस्क्रीन: इथे कंजुषी नको

लालीचा डाग होऊ द्यायचा नसेल तर या यादीत सनस्क्रीनला पर्याय नाही. पण डब्यावरचा एसपीएफ हा आकडा आपल्या कामाचा अर्धाच. एसपीएफ ३० नीट लावलं तर उन्हातल्या, कातडी भाजणाऱ्या यूव्हीबीचे साधारण ९७ टक्के किरण अडतात, ५० ने ९८. फरक एवढासाच. आपल्या कातडीला काळं करणारा दुसरा गडी दिसणारा प्रकाश, म्हणजे नेहमीचा उजेड. २०१० मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी दाखवलं की दिसणाऱ्या प्रकाशाने सावळ्या कातडीवर रंग चढतो आणि रेंगाळतो, तर फार गोऱ्या कातडीवर तसा चढत नाही. पारदर्शक जेल सनस्क्रीन, कितीही भारी एसपीएफचं असो, हा उजेड अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड. रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्यायचं ते यासाठी.

दुकानात उभं राहून तपासायचं कसं? घटकांच्या यादीत सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे तीन आकडे शोधा. लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड. निदान दोन तरी असायला हवेत. नुसतं सीआय ७७८९१ दिसलं तर ते टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा रंग. मग डब्यावर टिंटेड लिहिलं असलं तरी या कामापुरतं ते बिनकामाचं. रंग गालावर नाही, जबड्याच्या कडेवर लावून दाराबाहेरच्या उजेडात जुळवा. आपल्याकडची बरीच टिंटेड सनस्क्रीन एकाच फिक्या छटेत येतात आणि सावळ्या चेहऱ्यावर राखाडी दिसतात. ही या सगळ्या प्रकारावरची आमची मोठी तक्रार. छटा जुळत नसेल तर साधं सनस्क्रीन लावून वर आयर्न ऑक्साइडवालं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट घ्या, काम होतं.

मात्रा. कसोटी घेताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहऱ्याला ते साधारण एक ग्रॅम पडतं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ. मानेसाठी वेगळं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा नुसत्या चेहऱ्याला लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते. तुमची दोन महिने पुरत असेल तर डब्यावरचा आकडा तुमच्या चेहऱ्यावर कधी पोहोचलेलाच नाही. म्हणून महागड्या छोट्या ट्यूबपेक्षा परवडणारी मोठी घ्या आणि सढळ हाताने लावा.

पहिल्या महिन्यात झिंक ऑक्साइडवर आधारलेलं बरं, डोळ्यांना आणि नव्या कातडीला झोंबत नाही. खपल्या पूर्ण गळेपर्यंत सनस्क्रीन लावायचंच नाही. तोवर छत्री, रुंद काठाची टोपी आणि घर. दुचाकीवर पुण्यात बांधतात तसा स्कार्फ चांगला आडोसा देतो, पण गाठ गालावर घासू नये आणि कापड मऊ सुती असावं. रोज घासणाऱ्या सिंथेटिक कापडाने गालफडावर वेगळीच काळपट पट्टी उमटते. खिडकीच्या काचेतून उन्हातला यूव्हीए हा न दिसणारा किरण आत येतो, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्यांनी घरातही लावायचं. शेगडीसमोरची धग उन्हात मोडत नाही, तरी लाली भडकवते. पहिले दोन आठवडे भाकऱ्या दुसऱ्या कुणी थापल्या तर उत्तम.

अझेलेइक ॲसिड

लाली आणि डाग दोन्हींवर एकाच ट्यूबने काम करायचं असेल तर हेच. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेजला ते आवर घालतं, शिवाय दाह कमी करतं; रोझेशियासाठी याचंच १५ टक्क्यांचं जेल वापरतात. आपल्याकडे १०, १५ आणि २० टक्क्यांत मिळतं. खिशाला परवडतं, स्टेरॉइड नाही, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन नाही, गरोदरपणातही डॉक्टर हे देतात. इतके गुण असून विक्रेते ते पुढे का करत नाहीत? महिनाभरात डोळ्यांत भरेल असा फरक ते दाखवत नाही, एवढंच.

सुरुवात खपल्या गळून कातडी पूर्ण बंद झाल्यावर. खूण सोपी: साध्या पाण्याने तोंड धुतल्यावर आणि मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुर होत नाही. सीओटूनंतर हे तीन-चार आठवड्यांनी येतं. १० टक्क्यांपासून, एक दिवस आड, रात्री. आधी मॉइश्चरायझर, ते मुरल्यावर वाटाण्याएवढं क्रीम संपूर्ण गालाला. पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटं खाज किंवा मुंग्या येतात, त्या आपोआप थांबतात; तासाभरानंतरही आग होत असेल तर धुऊन टाका आणि आठवडाभर थांबा. दोन आठवडे निभावले की रोज रात्री, मग सकाळ-रात्र. २० टक्के त्यानंतर, गरज वाटली तरच. निकाल बाराव्या आठवड्याला बघायचा. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना लागतो, आणि रंग त्या थरासोबतच निघून जातो.

उणीव एकच: २० टक्क्यांचं क्रीम वर पांढुरकं बसतं आणि सनस्क्रीनखाली त्याच्या गोळ्या होतात. सकाळी जेल, रात्री क्रीम हा त्यावरचा तोडगा.

तीन औषधांची क्रीम

आपल्याकडे खपणाऱ्या या ट्यूबमध्ये साधारण हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का असतं. कल्पना जुनी आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र करून दाखवलं होतं. तपकिरी डागावर ती खरंच चालते, आणि जलद चालते. तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

उजळपणात मोठा वाटा स्टेरॉइडचा. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लालीही झाकली जाते. माणूस ट्यूब सोडत नाही. तीन-चार महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल रेषा दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते. ट्यूब बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन जळतो. ‘लेझरची लाली परत आली’ म्हणून लोक डॉक्टरांकडे येतात ती बहुतेक वेळा हीच. लेझर होऊन सहा महिने झाले असतील आणि मधल्या काळात अशी ट्यूब चालू असेल, तर आधी संशय तिच्यावर घ्या.

वापरायचीच तर अशी: त्वचातज्ज्ञाने लिहून दिल्यावर, फक्त रात्री, फक्त तपकिरी भागावर, वाटाण्याएवढी, आणि आठ आठवड्यांच्या आत बंद. बंद करताना रोजवरून एक दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा. काचेखाली फिकी पडणारी लाली असेल तिथे लावायची नाही. मुरुमांचं बेन्झॉइल परॉक्साइड सोबत लावलं तर कातडीवर तात्पुरते काळसर डाग पडतात. ट्यूबमधलं क्रीम तपकिरी निघू लागलं तर हायड्रोक्विनोन खराब झालंय, फेका. वर्षानुवर्षं हायड्रोक्विनोन चोळल्याने ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे निळसर-काळे ठिपके, जे जवळजवळ जात नाहीत. चेहऱ्याला लावायची स्टेरॉइड क्रीमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये स्पष्टपणे आणली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. काउंटरवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

गंमत म्हणजे स्टेरॉइडच अगदी सुरुवातीला, अगदी थोडे दिवस, डाग टाळू शकतं. थायलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात फ्रॅक्शनल सीओटूनंतर पहिले दोन दिवस क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड आणि मग आठवड्याचे उरलेले दिवस जेली लावलेल्या बाजूला, नुसती जेली लावलेल्या बाजूपेक्षा डाग कमी पडले. पण हे दोन दिवस डॉक्टरांनी मोजून द्यायचे आहेत. घरातली जुनी बेटनोव्हेट (स्टेरॉइडचीच क्रीम) हे त्याचं उत्तर नाही.

बाकीचं झटपट

नियासिनामाइड ४-५ टक्के: सौम्य, सगळ्यांना सोसतं, फरक हळू. अझेलेइकसोबत चालतं. दहा टक्क्यांच्या मागे लागू नका, काहींना त्याने चेहरा लाल होतो.

व्हिटॅमिन सी सीरम: खरं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड आम्लधर्मी असतं आणि ताज्या कातडीला झोंबतं. दोन महिन्यांनंतर बघा. बाटलीतलं द्रव चहाच्या रंगाचं झालं असेल तर टाका.

कोजिक ॲसिडचे साबण: साबण अर्ध्या मिनिटात धुतला जातो. पैसे वाया.

ग्लुटाथायोनची, गोरेपणासाठी म्हणून खपणारी इंजेक्शनं: लेझरनंतरच्या डागांसाठी यावर खर्च करावा असं काहीही हाती नाही. शिरेतून देण्याचे धोके मात्र खरे आहेत. नको.

ट्रानेक्झामिक ॲसिड: गोळ्या २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा मेलाझ्मासाठी, म्हणजे वांगासाठी देतात. मुळात वांग असलेल्या चेहऱ्यावर लेझर झालं असेल तर विचार करण्याजोगं. पायात रक्ताची गाठ, पक्षाघात, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना न विचारता एकही गोळी नको. सीरममध्ये ते निरुपद्रवी आहे, परिणाम माफक.

सिलिकॉन जेल: उंचवटा येणाऱ्या वणासाठी चांगलं. रंगासाठी नाही. केमिस्ट दोन्हींसाठी देतात.

झाकायचंच असेल तर लालीवर हिरवट करेक्टर, तपकिरी-राखाडीवर नारिंगी, वर सनस्क्रीन आणि फाउंडेशन. खपल्या गळून ओल गेल्यावरच, आणि स्पंज धुतलेला हवा.

डाग घालवायला पुन्हा लेझर?

लालीसाठी एकच यंत्र मनापासून सुचवावंसं वाटतं: पल्स्ड डाय लेझर, ५९५ नॅनोमीटर. रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून फुगलेल्या वाहिन्या बंद करतं. ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच असतं, आणि सावळ्या कातडीला सौम्य सेटिंग व गारवा लागतो. त्याच्या जागी ‘आयपीएलने करून देतो’ म्हणाले तर दहादा विचार करा; आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, अनेक तरंगलांबींचा झगझगीत झोत. आयपीएलच्या पट्ट्यातला बराच उजेड मेलॅनिनच गिळतं, आणि आयताकृती डागांची नवी माळ उठते.

तपकिरी डागांवर विकलं जातं ते लेझर टोनिंग: क्यू-स्विच्ड एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर, कमी ताकद, दर आठवड्याला, दहा-दहा सेशनचं पॅकेज. तरंगलांबी जितकी जास्त तितकं मेलॅनिन ती कमी शोषतं, म्हणून १०६४ आपल्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. इथवर विक्रेत्याचं बोलणं बरोबर. पण दर आठवड्याला मारत राहिलं की काहींच्या गालावर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके पडतात. तपकिरी डाग आज ना उद्या जातात, ते ठिपके वर्षानुवर्षं राहू शकतात. ताज्या डागावर टोनिंग नकोच. सहा महिने क्रीम-सनस्क्रीन करून अडलं, तर महिन्याच्या अंतराने, आणि दर वेळी उजेडात फोटो काढून. त्याआधी सॅलिसिलिक किंवा मँडेलिक पील (सौम्य ॲसिडने वरचा थर उतरवणं), तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, हा कमी जोखमीचा मार्ग आहे.

पांढऱ्या डागांना क्रीमची पिशवी घेऊन जाऊ नका. केस काढताना भाजून पडलेले फिके चौकोन बऱ्याचदा काही महिन्यांत भरतात. पूर्ण थराच्या सीओटूनंतर सहा-बारा महिन्यांनी हळूहळू येणारा फिकेपणा मात्र बहुधा कायमचा. ३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरने काहींचा रंग परत येतो, टिकवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. भोवतालची कातडी उन्हात रापू दिली नाही तर फरक कमी दिसतो, म्हणून इथेही सनस्क्रीन.

क्लिनिक पारखताना

डागाचा आकारच काय चुकलं ते सांगतो. काटकोनी कडा असलेला चौकोन म्हणजे डायोडच्या टोकाचा ठसा: ताकद जास्त, टोक नीट टेकलं नाही, किंवा जेल आणि गारवा कमी पडला. टोकावर जळक्या केसांची काजळी साचली तरी तेच होतं, म्हणून दर काही फायरनंतर ते पुसायला हवं. अर्धचंद्राकृती डाग म्हणजे गार फवारा सोडणारं हँडपीस तिरकं धरलं. कातडी एका कडेला गारव्याने दुखावली. झेब्र्यासारखे पट्टे म्हणजे आयपीएल. सगळ्या मुळांभोवती तपकिरी ठिपके असतील तर रापलेल्या कातडीवर काम केलं किंवा पल्स, म्हणजे लेझरचा एक झटका, फार आखूड होती. सावळ्या कातडीला पल्स लांब लागते, म्हणजे उष्णता वरच्या मेलॅनिनमधून निसटायला वेळ मिळतो.

तेव्हा पहिल्या भेटीत हे मागा: यंत्राचं नाव, तरंगलांबी, ताकद, पल्सची लांबी, ठिपक्यांची दाटी किंवा स्पॉटचा आकार, तारीख, हे सगळं दर सेशनला कार्डावर लिहून. ‘आमच्या सिस्टीममध्ये आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. डॉक्टर बदलायची वेळ आली तर ते कार्डच कामाला येतं. पॅच टेस्ट जबड्याच्या मागच्या बाजूला करून मिळते का ते विचारा. फोड दोन दिवसांत दिसतो, पण काळा डाग उमटायला तीन ते सहा आठवडे लागतात. आज टेस्ट आणि उद्या पूर्ण चेहरा असं असेल तर त्या टेस्टचा डागापुरता उपयोग नाही. हँडपीस कोण धरणार, आणि त्वचाविकारातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल पदवी असलेली व्यक्ती त्या वेळी इमारतीत असणार का, हे थेट विचारावं.

सीओटूच्या आधी महिनाभर लावायची ‘तयारीची’ क्रीमं पॅकेजमध्ये जोडतात, ती वगळायला सांगा. १९९९ च्या वेस्ट आणि ऑल्स्टर यांच्या अभ्यासात आधी हायड्रोक्विनोन-ट्रेटिनॉइन लावलेल्यांना नंतरचे डाग काही कमी पडले नाहीत. आधी लावायचंच तर सनस्क्रीन लावा, आणि मागच्या चार आठवड्यांत ऊन लागलं असेल तर तारीख पुढे ढकला. विदर्भात एप्रिल-मेमध्ये आणि बाकी महाराष्ट्रात ऑक्टोबर हीटमध्ये ऑफर निघतात, कारण क्लिनिकं रिकामी असतात. ती रिकामी का असतात ते ओळखा.

आणि भुवयांवर किंवा ओठांवर पर्मनंट मेकअप केलेला असेल तर त्या जागेवरून लेझर फिरवू देऊ नका. त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड क्यू-स्विच्ड लेझरने एका क्षणात काळंठिक्कर पडतं, आणि ते उतरवायला पुन्हा अनेक सेशन लागतात. कुणी आपणहून विचारत नाही, तुम्हीच सांगायचं.